बोर्डावरची बाई

तातूमामा बोर्ड रंगवायचा. परळला, भोईवाड्याच्या तोंडाशी,
पत्रे भिंतीला टेकवून, फुटपाथवर मांडी घालून.
'धोका'. 'खोली भाड्याने देणे आहे'. 'येथे थुंकू नये'.
आणि इस्पितळांसाठी 'शांतता राखा'.
अक्षरांचे पंचवीस रुपये,
तोंडावर बोट ठेवलेली नर्स हवी तर वरती दहा.

ती नर्स मी.
सतरा वर्षांची, अख्ख्या मजल्यावर रेडिओ म्हणून ओळखलेली,
नळावर हंडा भरेपर्यंत
दोन भांडणं मिटवणारी, तीन लावणारी.
मामा म्हणाला, कुंदे, बस.
डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी.
हाताची घडी नको, फक्त तोंडावर बोट,
हलली नाहीस तर लिमलेटची गोळी.
गोळी मी आधीच तोंडात टाकली होती.

मला गोरी केली त्यानं.
ओठांना लाल, 'धोका'च्या डब्यात उरलेला.
मग अक्षरं, आणि अगदी शेवटी 'शां'वरचं टिंब.
ते देताना तो श्वास धरायचा.
बाकी सगळं हातानं होतं, म्हणायचा,
टिंब पोटानं द्यावं लागतं.

घरातल्या गप्प बसण्याचा बोर्ड मात्र कुणी सांगितला नाही.
मामी अकरा दिवस बोलली नव्हती तेव्हा
ताटातली चटणी डावीकडून उजवीकडे गेली होती,
एवढंच.
शेजारच्या फर्नांडिसबाईंचा फोन रात्री दीडला वाजायचा.
त्या उचलायच्या, हॅलो म्हणायच्या नाहीत,
क्रोशाचं कव्हर मुठीत धरून नुसत्या ऐकत उभ्या.
आणि समोरचे खानोलकर.
पाळणा कधीच देऊन टाकलेला,
पण आढ्याच्या कड्यांना दर शनिवारी तेल घालायचे,
कुरकुरू नयेत म्हणून.
हे कसं काढशील, मी मामाला विचारलं.
पत्रा कोण देणार, तो म्हणाला,
आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

आता त्याच्या गळ्याला भोक आहे. त्यावर जाळीचा रुमाल.
तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या बाजूला,
खिळ्याला मी लटकते आहे.
टोपी गंजली, एक डोळा गेला,
आणि खालच्या ओळीतला शेवटचा काना.
शांतता राख, म्हणतो बोर्ड.
येणाऱ्याजाणाऱ्यांना अहो-जाहो करणारा,
माझ्याशी एकेरीवर आलाय.
किंवा सांगत नसेलही काही,
उरलंय काय तेवढं दाखवत असेल.

खाली, हॉर्नवर काट मारलेल्या खांबाशी थांबून
टॅक्सीवाला हॉर्न देतो.
मी बोलत सुटते. बोंबलांचा भाव,
आपल्या चाळीच्या जागी आलेल्या टॉवरचं
कुणालाही न वाचता येणारं नाव,
खानोलकरांची सून, तिचं गुडघ्याचं दुखणं,
डॉक्टर काय म्हणाले ते सोडून सगळं.
खरी नर्स येते, केरळची असावी,
म्हणते, मावशी, थोडं हळू.
मी बाहेरच्या बोर्डाकडे हात करते, ती कोण ठाऊक आहे का?
ती बोर्डाकडे बघते. मग माझ्याकडे.
सलाइनची गती कमी करून निघून जाते.

मामा पाटी ओढतो.
पेन्सिल करकरते, वॉर्डातल्या आठही खाटांना ऐकू जाईल इतकी.
शिरोरेषा अजून पट्टीनं ओढल्यासारखी.
टिंबापाशी तो श्वास धरायला जातो,
तो जाळीतून निसटतो, बारीक शिट्टीसारखा.
थांबतो. परत धरायला जातो.

नाक चुकलं होतं, लिहितो.

मी काही बोलणार, तेवढ्यात बोटानंच गप्प करतो,
आणि पाटीच्या कोपऱ्यात, जागा नसताना:
गालातली गोळी बरोबर.