अठ्ठेचाळीस वेढे

गिरणीची मोटर सकाळीच आली,
हातगाडीवर कसावाच्या पोत्यासारखी पालथी.
गिरणीवाली सेनामे म्हणाली, उद्या बाजार आहे,
चार पिंपं मका भिजत पडलाय.
मी म्हटलं, होईल.
उघडली, तर आत सगळं काळं.
जळक्या वार्निशचा तो गोडसर वास
माझ्या लग्नातल्या शर्टालाही होता.

छत्तीस खाचा. खाचेमागे अठ्ठेचाळीस वेढे.
वेढे मोजत असलो की माझ्याशी बोलायचं नाही,
हे होहोएच्या अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे.
झिगबोदीलाही.
तरी ती आली, स्टूल ओढलं,
आणि तांब्याच्या रिळाला टेकवून ठेवली
तीन पत्रं.

एकवीस, बावीस.
टेक्सासची प्रयोगशाळा म्हणे
आपल्या शाळेच्या मैदानाएवढी.
सत्तावीस.
डेल्फ्टचं नाव ऐकून तिचे कुमासीचे सर
खुर्चीतून उठलेच होते.
तिसरं सस्कॅटून.
हे नाव मी दोनदा विचारून घेतलं.
जानेवारीत तिथे पापण्यांवर बर्फ धरतो,
आणि पगार
(ते त्याला पगार म्हणत नाहीत, पण पगारच तो)
तिघांत सगळ्यात कमी.

"एफो, तू सांग."

मी काय सांगणार?
अर्जांची फी मी भरली:
सात पंखे, दोन पाण्याचे पंप,
आणि पाद्रीबाबांचा जनरेटर, ज्याचे अर्धेच पैसे आले.
या विषयातलं माझं शिक्षण एवढंच.
ती ज्याला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणते
त्याला मी म्हणतो, बघ, कुठे जळलंय.

मग हळूच म्हणाली,
तिघांनाही मी एकच प्रश्न लिहून पाठवला होता:
तुमच्या लॅबमध्ये काही जळलं
तर दुरुस्त कोण करतं?

टेक्सासहून दोन तासांत उत्तर.
कंपनीशी करार आहे, काळजी नसावी.
डेल्फ्टहून काहीच नाही.
तिथले सर परिषदेला गेलेत म्हणे,
गेलेही असतील.
सस्कॅटूनच्या बाईंनी, ओलेना हृत्साक त्यांचं नाव,
लिहिलं: आम्हीच करतो.
वाईट करतो.
सोबत एक फोटो. काजळलेला बोर्ड,
कोपऱ्यात पांढरी पट्टी बांधलेलं बोट,
आणि खाली एक ओळ:
अंगठा माझा. चूकही माझीच, विद्यार्थ्याची नव्हे.

मी फोटो उजेडात धरला.
सोल्डरचे टाके असे, जसे म्हाताऱ्या माणसाने
चष्म्याशिवाय बटण लावावं.
"असले टाके आपल्या पोरानं घातले असते
तर मी त्याला जेवायला वाढलं नसतं."
"म्हणूनच," ती म्हणाली.

म्हणूनच काय, ते विचारायचं राहिलं.
आई टेक्सास म्हणते, तिथे मावशीचा सेलोर्म आहे,
ऊन आहे, भेंडीसुद्धा मिळते.
मला आईचं पटतं.
रात्री मला तिच्या पापण्या दिसतात.
आणि दिवसा तो अंगठा.

बोलता बोलता मोजणं चुकलं.
तेहतीस की चौतीस?
सगळे वेढे उलगडले, तार सरळ केली,
पुन्हा एकपासून.
रीळ तिने धरलं.
लहानपणी धरायची तसंच,
ना फार ताणून, ना सैल.
दोघांनी मिळून मोजलं. दिवे लागेपर्यंत.

मोटर फिरली. आवाज जरासा जाड.
सेनामेच्या कानाला कळलं नाही,
तिने पैसे मोजले, मोटर गाडीवर चढवली.
झिगबोदीने मान तिरपी केली.
"कुठल्या तरी खाचेत एक वेढा जास्त गेलाय."
"असू दे," मी म्हटलं,
"उद्या बाजार आहे."

दोन पत्रं अजून दुकानातच आहेत.
एकावर मी वार्निशचा डबा ठेवतो.