सगळ्या नौका

नोव्हेंबरात वार्दोच्या बंदर कचेरीत
दुपारी दोनलाच दिवे लागतात.
सोलफ्रिद खिडकीकडं पाठ करून
डेटाबेसला सांगते: सगळ्या नौका दे.

तो देतो. दोनशे अकरा.
नाव, लांबी, बांधणीचं साल, मालक.
खेकडे धरणारी, पलीकडं माणसं नेणारी,
वादळात दोर फेकायला निघणारी,
सगळ्या एकाच कापडात गुंडाळल्यासारख्या.
आईच्या तक्त्यातून उचलल्या
तर आईचंच तेवढं हाती आलं.
लेकींचं लेकींच्या तक्त्यांत राहिलं:
पिंजरे किती, बाकं किती,
कोरडी घोंगडी किती.

खाण तशी माती म्हणतात.
इथं माती स्वतःचं नावच सांगेना,
विचारावं तर खाणीकडं बोट.

मग तिनं आईच्या तक्त्यात एक रकाना वाढवला.
माझ्या भाषेत त्याला पटकन एक शब्द सुचतो,
तो मी टाळते. प्रकार म्हणू.
कुणाच्या पोटी आलात ते नको,
काय होऊन पाण्यात उतरलात ते लिहा.

एक विचारणा, तीन जोडण्या,
आणि पडद्यावर जो तो आपल्या अंगानं उभा.
"निघा" म्हटलं
की फेरी भोंगा देते,
खेकडेवाली पिंजरे मोजते,
बचावनौका काही मोजत नाही, सुटतेच.
हाक एक, निघणं ज्याचं त्याचं.

सोलफ्रिदनं कॉफी ओतली. तेवढ्यात सगळं कोसळलं.
ओळ एकशे चौसष्ट. तेर्ना.
प्रकार: मासेमारी.
आणि मासेमारीच्या तक्त्यात तिचं नावनिशाण नाही.

आर्नुल्फला फोन लावला. वय एक्क्याऐंशी.
"ती होय! जाळी विकली. इंजिन भावानं नेलं.
शेडमागं लाकडांवर टेकवून ठेवलीय.
उन्हाळ्यात केबिनच्या कडेला किटीवेक घरटी करतात,
फार घाण करतात."
"मग नोंद काढून टाकू?"
बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा.
"नौका आहे ती," म्हणाला.

निघण्याआधी सोलफ्रिदनं एक अट लिहिली:
लेक सापडली नाही
तर आईच परत दे. ओरडू नकोस.
चाचण्या हिरव्या झाल्या.
दोनशे अकरा.

त्यातल्या एकीला "निघा" म्हटलं
तर ती काहीच करत नाही.
चूक झाली असंही म्हणत नाही.