वाढत्या अंगाचं शीड

दुआर्ननेच्या धक्क्यामागे
सार्डिनचे डबे भरायचे ते दालन,
आता तिथे शिडं शिवतो आम्ही.
दमट दिवसांत भिंतींना अजून मासळीचा वास सुटतो.

मधोमध जमिनीत खड्डा,
खड्ड्यात मशीन,
मशीनमागे मी, कमरेपर्यंत जमिनीत.
टेबल नाही. सगळी जमीनच टेबल.
चाळीस चौरस मीटरचं शीड फळ्यांवरून सरकत येतं
आणि माझ्या छातीशी थांबतं,
मोठ्या जनावरानं हुंगायला यावं तसं.

मशीन जर्मन, वजन तीन माणसांचं.
हिरवा रंग उडालेला, जिथे हात लागतो तिथे तिथे.
आधी चाक हातानं अर्धा फेरा फिरवून द्यायचं,
मगच मोटर सूत्रं हाती घेते.
'ढकलू नकोस त्याला, उठव,' गोल्वेन म्हणायचा.
तो या खड्ड्यात एकतीस वर्षं होता.
निरोपाच्या दिवशी त्याचा उभ्यानं फोटो काढला
तर फोटोतला माणूस कुणालाच ओळखू येईना:
इतका उंच, आणि पाय असलेला.

नोव्हेंबरात तांगी केर्लोक आला.
विटकरी शीड खांद्यावर, ओलं.
'खालून वीतभर कमी कर. दरवर्षी करतो गोल्वेन.'
वाऱ्याची तक्रार असेल, मला वाटलं.
मग त्याची मनगटं बघितली.
होडी तीच आहे त्याची, डोलकाठी तीच,
पहाटे साडेचारला निघणंही तेच.
आम्ही फक्त मापाबद्दल बोललो.

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, म्हणतात.
इथे फाटतं ते शीड,
आणि त्याचं बिल करता येतं.

खडूची रेघ मारली, कड दुमडली, पाय दाबला.
नागमोडी टाका धावत सुटला
ठक ठक ठक ठक
(सरळ टाका दिसायला नेटका,
पण वारा भरला की तटकन् जातो)
आणि कोपऱ्याशी आल्यावर
मशीन खोकलं.
एक टाका सोडला. दोन सोडले.
बावीस नंबरची सुई मोडून
टोक माझ्या चष्म्यावर आपटलं.

एवढं काय आहे आत?

उसवायला बसले.
कापडाआधी दोरा मरतो, उन्हानं;
बोटांत त्याचा भुगा होत गेला.
कड उघडली. आत दुमड.
दुमडीच्या आत दुमड.
त्याच्याही आत अजून एक, शिवणीच्या भोकांसकट,
आणि अगदी आतला पट्टा
ऊन न लागलेला,
नव्या विटेसारखा लाल.
त्यावर पेन्सिलीनं गोल्वेनचं अक्षर: साल, आणि 'एक वीत'.

कापलंच नव्हतं त्यानं.
एकदाही.
चार वर्षं नुसतं दुमडत आला होता,
शाळेच्या पोराचा सदरा शिवताना
वाढत्या अंगाचा म्हणून कापड आत ठेवतात
तसं, सत्तर पार केलेल्या माणसाच्या शिडात.

कात्री फळीवर होती. होती तिथेच राहू दिली.

पंचवीस नंबरची सुई लावली,
दोऱ्याला मेण चोळलं,
मोटर बंद केली
आणि तो कोपरा चाकानं, हातानं,
एकेक टाका उठवत शिवला.
काळोख पडेतो तो एकच कोपरा.
आतल्या लालवर मीही लिहिलं: साल, एक वीत.
माझं अक्षर त्याच्यापेक्षा वाईट आहे.

शुक्रवारी तांगी न्यायला आला.
कड चाचपली, पैसे मोजून दिले, सुट्ट्यासकट.
शीड खांद्यावर घेताना थांबला.
'गंमत आहे,' म्हणाला,
'दरवर्षी लहान होतंय,
वजन काही कमी होत नाही.'

मी मशीनला तेल घालत होते.
वर न बघता म्हटलं,
'मीठ.'