हत्तु

राधानगरी सोडल्याला आज नववा दिवस.
सॅक निघताना अकरा किलो होती,
आता पाऊस धरून किती, ते खांद्यांना विचारा.

काल नकाशाची घडी उलगडली
तर हातात आली भिजल्या पापडासारखी.
तिलारीचं धरण बोटाला चिकटून राहिलं,
चोर्ला खिशातच विरला.
फोन परवापासून तांदळाच्या पिशवीत निजलाय
आणि तांदूळही ओला.

श्रावण सरत आला. भातं लावून झाली,
धबधब्यांचे फोटो काढून झाले,
आता हा पाऊस कुणासाठीच पडत नाही.
नुसता पडतो,
सरकारी नोकरीत कायम झाल्यासारखा.

कणकुंबीत सकाळी ठरवून टाकलं होतं:
आज पहिली बस दिसली की हात करायचा.
नववा दिवस म्हणजे काही कमी नाही.
टाचेवरचा फोड, जळवांनी ओलं केलेले मोजे
(सत्तावीसवर मोजणं सोडलं),
कुणाला काय सिद्ध करायचंय?

वळणावर मैलाचा दगड.
नखाने शेवाळ खरवडलं.
आकडा होता तिथे ट्रकने धडक दिलेली.
पुढे रस्त्याच्या कामावरचा एक माणूस,
बैलहोंगलकडचा असावा,
युरियाच्या पिशवीची खोळ डोक्यावर,
एका हातात फावडं, दुसऱ्यात विडी जपत.
जांबोटी? मी ओरडले.
त्याने मला पाहिलं, सॅकला पाहिलं,
कीव आल्यासारखं म्हणाला,
हत्तु.

मी ऐकलं, हत्ती.

मग बांबू करकरला की कान हलले,
प्रत्येक काळा दगड पाठ झाला, ओली, श्वास घेणारी.
स्टीलचा मग खणखणू नये म्हणून
त्यात बोळा कोंबला पायमोज्याचा.
मनातल्या मनात बोलत राहिले त्याच्याशी:
बाबा रे, वाट तुझीच आहे,
मी फक्त चुकून हिच्यावर पडलेय.
फोड विसरले. भूक विसरले.
नऊ दिवसांत चालले नव्हते इतकी सरळ चालले.

आणि मागून, अगदी मागून,
तो चित्कारला.

मी करवंदीच्या जाळीत, सॅकसकट, उताणी.
दोन पिवळे डोळे धुक्यातून आले,
माझ्यावर चिखलाचं सारवण घालून
खडखडत निघून गेली
शेवटची बस.

जांबोटीला पोचले तेव्हा दिवे लागले होते.
सातेरीच्या हॉटेलात धूर, रॉकेलचा वास, चार बाकं.
भरमव्वा म्हणाली, आधी ओझं ठेव, मग नाव सांग.
माझे मोजे चुलीवरच्या तारेला गेले
कुणाकुणाच्या टॉवेलांशेजारी.
कुळथाची कढत आमटी, भाकरी,
चहा, मग परत चहा,
एक पोरगं तंबाखूचं पाणी घेऊन
माझ्या घोट्यांवर मन लावून काम करत बसलेलं.

मी हळूच सांगितलं, वाटेत हत्ती आहे.
हॉटेल गप्प झालं.
कुणी बघितला? कुठे?
सांगितलं. फावडं, विडी, शब्द.

भरमव्वाने चिमटा खाली ठेवला.
माझ्यासमोर एकेक बोट उघडत गेली,
वंदु, एरडु, मूरु,
दहावं बोट उघडलं, पिठाने पांढरं,
हत्तु, म्हणाली,
आणि पदर तोंडाशी धरून
अशी हसली की चुलीतली राख उडाली.
मग सातेरी. मग बाकं.
मग मी, सगळ्यात जास्त वेळ.

रात्री कौलांवर तोच पाऊस.
सकाळीही तोच.
मोजे कोरडे, धुराचा वास मारणारे.
पैसे विचारले तर सातेरीने जेवणाचं नाव काढलं नाही,
चहाचे तेवढे घेतले.

खानापूर किती लांब रे?
पोराने दारातून पावसाकडे पाहिलं,
मनात काहीतरी भागलं,
म्हणालं,
दोन हत्ती.