बिटको ते द्वारका, बावीस मिनिटं

अप्पांनी पट्टीने रेघा मारून दिल्या.
प्रेसमध्ये एकतीस वर्षं कागद मोजला त्यांनी.
एक जरी ताव कमी भरला
तर पाळी संपली तरी कोणी घरी जायचं नाही.
तेच बोट आता माझ्या दिवसावरून फिरतं:
चोवीसातले झोपेचे सहा गेले,
क्लिनिकचे नऊ, जायचा-यायचा एक,
जेवण, अंघोळ, केस विंचरणं, धर दोन.
उरले सहा.
मग तू चारच का सांगतेस?
दोन तास गेले कुठे?

मला सांगता येत नाही.
बागमार सरांच्या शेवटच्या पेशंटच्या दाढेत
चौथा कॅनाल काही केल्या सापडत नाही,
आणि घरी आल्यावर मी
बूट न काढता पलंगाच्या कडेवर बसते.
नुसती.

तक्ता द्राक्षांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आहे,
आतल्या बाजूला.
उलटा केला की टपोऱ्या घडाखाली
'फक्त निर्यातीसाठी' दिसतं.
आई म्हणते, शकुन चांगला आहे.
चौऱ्याऐंशी रकाने. सोमवारी ओरल पॅथॉलॉजी,
मंगळवारी डेंटल मटेरियल्स,
रविवारी मागचं सगळं, म्हणजे
जे बुधवारी राहिलं ते.

पुस्तकं सिद्दिकाची.
सात जाड, दोन गठ्ठे नोट्स, साडेतीन हजारांत,
मालेगावहून एसटीच्या पार्सलने,
सुतळीने करकचून बांधलेली.
ती फोनवर म्हणाली, माझ्याकडे धूळच खात होती.
कॉलेजात वेळ होता, तेव्हा ही घ्यायला पैसे नव्हते.
आता पुस्तकं आहेत.
दात आणि चण्यांची म्हण
आम्हाला कोणी तोंडी परीक्षेत विचारली नाही,
नाहीतर पैकीच्या पैकी.

समासात तिची पेन्सिल बोलत राहते.
हे दरवर्षी येतं.
हे कोणालाच येत नाही, सोड.
लाईट गेली.
अम्मीची शुगर चारशे, बाकी उद्या.
पान तीनशे अठरावर एक आडवी रेघ,
खाली 'इथपर्यंत', आणि चौदा नोव्हेंबर.
पुढची पानं कोरी करकरीत.
मी तिला त्याबद्दल विचारलं नाही.
तिनेही, पुस्तकं पोचली का, एवढंच विचारलं.

सकाळी बिटकोला सिटीलिंक पकडते.
एप्रनच्या खिशात पंधरा कार्डं, रबर लावून.
उपनगरपर्यंत सहा होतात,
गांधीनगरला कोणीतरी कोपर मारतं
आणि सातवं कार्ड सीटखाली जातं.
खालचा सुळा नवव्या-दहाव्या वर्षी.
वरचा अकराव्या-बाराव्या.
तोवर शेजाऱ्यांनी जागा अडवलेली असते,
मग तो हिरडीत वर, बाहेरच्या अंगाने,
वाकडा का होईना, उगवतो.
शेजारची बाई कार्डाकडे बघत विचारते,
माझ्या पोराचा असाच आलाय, काढायचा का?
मी म्हणते, नाही. जागा करून देता येते.
द्वारका येतं. नऊ कार्डं झालेली असतात,
आणि एक पेशंट.

माझ्या बॅचच्या चौघी एव्हाना एमडीएस झाल्या.
एकीची पाटी गंगापूर रोडला आहे,
नावापुढे तीन ओळी. तिथून जायचं झालं
तर मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जाते.
हे तक्त्यात नाही.

परवा रात्री पाणी प्यायला उठले
तर अप्पा चष्मा लावून पुठ्ठ्यासमोर.
काही बोलले नाहीत.
सकाळी पाहिलं, रोजच्या रकान्यात
त्यांनी पेन्सिलने एक अरुंद पट्टी वाढवली होती,
चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी,
प्रेसच्या त्या सरळ, बारीक अक्षरात:
बसणे, अर्धा तास.
खाली बेरीज पुन्हा केलेली.
दीड तास अजून लागत नाही.
त्याच्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलंय,
खोडलंय,
पुन्हा काढलंय.

आज पान तीनशे एकोणीस.
कडा एकमेकींना चिकटल्यात.
अप्पांची पट्टी मध्ये घालून
हलक्या हाताने सोडवते आहे.