सत्त्याण्णव

एप्रिलची दुपार. जामसंड्याच्या उतारावर
दुकानाचं शटर मी अर्धं खाली ओढलेलं.
गजा मिठबावकर वाकून आत आला,
टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला.
टॉवेल कशाला?
"हाताक चटको बसता गे, विनया."

आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं.
चार कोअर, चारही नव्वदीच्या पुढे.
एक सत्त्याण्णववर.
"पाणी शंभरार उकळता," तो म्हणाला,
"म्हंजे तीनच उरले मा?"

तीनच. पण त्याआधी तो स्वतःच पाय आवरतो,
तीन गिगाहर्ट्‌झवरून
आठशे मेगाहर्ट्‌झवर घसरतो,
पेटीचं लेबल अर्ध्यात अडकतं,
तुम्ही त्याच्या सात पिढ्या काढता,
आणि तो फक्त जीव वाचवत असतो.

गजा जरा वेळ पंख्याकडे बघत राहिला.
"बापाशीचो बैल चढावार असोच बसायचो.
बापूस मारी."

ठेवता कुठे ह्याला?
"आढयेच्या खोलयेत. गवतार."

मग मला हसू आलं, आवरलं नाही.
ज्या गवतात हापूस पाच-सहा दिवसांत पिवळा होतो,
दारं बंद, वारा बंद, ऊब कोंडलेली,
तिथं हा बिचारा पोटावर निजून
चाळीस टॅब, टॅली आणि रात्री भाच्याचा गेम ओढतोय.
गजाभाऊ, आंबा पिकवायचा असतो.
ह्याला नाही.

खालचे अकरा स्क्रू काढले.
जाळीत गवताची कुसळं, फळांवरची धूळ,
खाडीच्या वाऱ्याचं मीठ पत्र्याला हिरवं चिकटलेलं,
आणि पंख्याच्या कुशीत, खरं सांगते,
मुंग्यांनी अंडी नेऊन ठेवलेली.
त्यांनाही कुणी सांगितलं असेल, इथं ऊब आहे.

ब्रशने झाडलं. पंख्याचं पातं बोटाने अडवून
फुंकणी मारली; मोकळा फिरू दिला तर तोही बिघडतो.
चिपेवरची जुनी पेस्ट कोरड्या मातीसारखी
कपच्या होऊन निघाली. अल्कोहोलने पुसलं,
नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी.
"एवडीच?" गजा म्हणाला. "पैशे देतंय मा मी."
जास्त लावली की उलट अडते, भाऊ.
दोन धातूंमधली फट बुजली, की पुरे.

सेटिंगमध्ये कमाल वेग नव्याण्णव टक्क्यांवर आणला.
एक टक्का सोडला, की उड्या मारणं सोडतो,
सरळ चालतो.
खाली दोन लाकडी पट्ट्या द्यायला सांगितल्या,
पेट्यांच्याच, घरात पडलेल्या.
भाच्याला खळ्यात बसायला सांगितलं.

अर्ध्या तासाने एकाहत्तर.
गजाचं तोंड पडलं.
"चाळीस नाय येवचो?"
काम करताना? नाही. काम करणारा तापणारच.
तुम्ही आढीत हात घालता तेव्हा
गार लागलं तर खूश होता का?
त्याने तळवा बघितला स्वतःचा.
तिथं चिकाचा डाग होता, जुना, काळा.
"पन्नास वर्सां ह्या हातान मोजलंय," म्हणाला,
"आकडो कदी बघूक नाय."

दुसऱ्या दिवसापासून रोज आठाच्या ठोक्याला फोन.
नमस्कार नाही, काही नाही.
"अडुसष्ट." ठेवला.
"चौऱ्याहत्तर, वाशीची गाडी भरली."
"सत्तर. लाईट नाय होती मदी."
मी दात घासता घासता हं म्हणायची.
नवरा विचारायचा, कुणाचा ताप?

मे सरत आला. बागा उतरल्या,
शेवटचा माल कॅनिंगला गेला किलोच्या भावाने,
आढीचं गवत गोठ्याला.
काल आठ वाजून गेले, साडेआठला वाजला.
"एक्केचाळीस," गजा म्हणाला.
मी म्हटलं, अरे वा.
फोन चालूच होता. मागे खळ्यात
कुणीतरी पेटीच्या पट्ट्या मोडत होतं.
"विनया," तो म्हणाला,
"माका ह्यो आकडो बरो वाटणा नाय."