वाढीव पडदा

विट्यात स्टँडमागचं सायबर कॅफे मोडलं
तेव्हा बाराशेला मॉनिटर आणला.
पाठीवर अजून खडूनं लिहिलंय: सात नंबर.
टॅब तसा नवा, अधिकरावांनी त्रिचूरहून पाठवलेला,
पण दहा इंचांत जीएसटीचं कोष्टक उघडलं
की आकड्यांच्या मुंग्या होतात
आणि त्या मुंग्यांतच नवऱ्याचा व्हिडिओ कॉल.

जावेच्या प्रज्योतनं वायर जोडली,
मधे एक चपटी डबी घातली.
तासाभरात ती तव्यागत तापते.
आधी दोन्हीकडं एकच दिसलं.
मी म्हटलं, झालं की.
"काकी, हा आरसा झाला," प्रज्योत म्हणाला,
"तुम्हाला वाढीव पायजे."
कुठंतरी बोट टेकवलं
आणि मॉनिटर नुसता निळा झाला, रिकामा,
भाडेकरू गेल्यावरच्या खोलीसारखा.

लग्नानंतर अकरा वर्षं मी आरसाच होते.
तिकडं सोन्याचा भाव पडला
की इकडं माझं तोंड पडायचं.

मग हिशोब माझ्याकडं आले.
आता मॉनिटरवर आटणी, घट, टंच, मजुरी,
कुणाची मोड किती तोळे,
किती गुंजा तेजाबात गेल्या.
आणि टॅबच्या कोपऱ्यात अधिकराव,
पोस्टकार्डाएवढे.

प्रज्योत एक गोष्ट चुकला.
मॉनिटर ठेवलाय डावीकडं,
सेटिंगमधे मात्र तो उजवीकडं आहे.
म्हणून बाण टॅबच्या उजव्या कडेतून जातो
आणि पार डावीकडून उगवतो.
दर रविवारी म्हणतो, नीट करून देतो.
मी म्हणते, राहू दे.
आमच्या गावाला याची सवय आहे.
माणूस जातो दक्षिणेला
आणि त्याचं घर इथं उंच होत राहतं.

रोज सातला कॉल.
गाळ्याचं भाडं वाढलंय,
संपत काम सोडून कोइमतूरला गेला,
खानावळीत परत तोच जाड भात.
"ऐकतीयास न्हवं?"
"ऐकतीय."
बोटं एकसष्ट हजार चारशेवर.

नजर त्यांचीही माझ्यावर नसते.
चष्म्याच्या काचेत मुशीची लाल टिकली हलते.
डोळे रसावर, तोंड माझ्याकडं.
दोन अर्ध्यांचा मिळून एक तास,
असंच मी धरून चालले होते.

परवा बोट सरकलं
आणि अधिकराव कडेतून बाहेर गेले.
क्षणभर कान इकडं, खांदा तिकडं,
मग अख्खे सात नंबरवर.
बोटांची टोकं तेजाबानं पिवळी.
मनगटावर भाजल्याचा चट्टा, चांगला रुपयाएवढा.
पोस्टकार्डात हे मावलं नव्हतं.
"हे कधी भाजलं?"
"ते व्हय? झालं की पंधरा दिस."
घट मी रोज लिहिते, मिलिग्रॅमपर्यंत.
ही राहून गेली.

तेवढ्यात लाईट गेली.
मॉनिटर काळा,
त्याच्यावरचा सगळा पसारा
धाडकन टॅबवर येऊन पडला,
कोष्टकाखाली नवरा,
नवऱ्याच्या कपाळावर मार्चची थकबाकी.
सिमवर कॉल चालूच होता.
मी गप्प. कीबोर्डवर हात तसेच.

"लाईट गेली व्हय?"
"तुम्हाला कसं कळलं?"
"टकटक थांबली की."

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.
तिकडं भट्टीचा पंखा घोंघावत होता.
ती टकटक चालू असली
म्हणजे मला कामाला बरं वाटतं,
असंही काहीतरी म्हणाले वाटतं.
रेंज तुटत होती.
परत विचारलं नाही.